स्वतःची केस स्वतः चालवताना कायदा कुठे आणि कसा शोधावा

न्यायालयात आपली बाजू आपणच मांडायला कायद्याची आडकाठी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3, नियम 1 नुसार पक्षकार स्वतः हजर राहू शकतो. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही. कुटुंब न्यायालयात तर वकील देणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून धरलेलाच नाही. खरी अडचण पुढे येते. समोरच्या वकिलाला कुठलं पुस्तक उघडायचं ते ठाऊक असतं आणि आपल्या हातात बहुधा कुणीतरी पुढे पाठवलेला मेसेज असतो. बरेच जण थेट 'आपल्या बाजूचा निकाल' शोधायला बसतात आणि तिथेच महिना घालवतात. निकालाची पाळी शेवटी येते. आधी तारखा, मग कायद्याचं मूळ कलम, मग निकाल.

त्याआधी एक चौकशी मात्र कराच: सरकारी खर्चाने वकील मिळतो का? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतल्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक येतात. महिलांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. फौजदारी खटल्यात तुम्ही आरोपी असाल आणि तुरुंगवासाची शक्यता असेल, तर माझं म्हणणं ठाम आहे, हा वकील घ्याच.

आधी कागद आणि तारखा

समन्स, नोटिसा, पावत्या, बँकेचे मेमो हे सगळं तारखेप्रमाणे लावा आणि एका पानावर घटनाक्रम लिहा. केस दाखल झालेली असेल तर कागदांवरचा 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये टाका. पुढची तारीख आणि अपलोड झालेले आदेश तिथे दिसतात.

मग मुदत शोधा. कायदा कितीही तुमच्या बाजूने असला तरी मुदत टळली की तो वाचायची वेळच येत नाही. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते आणि न्यायालय साधारणपणे 90 दिवसांपर्यंत वेळ वाढवून देतं. ग्राहक आयोगात विरुद्ध पक्षाला 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15 दिवस मिळतात. हे 45 दिवस वाढवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलं आहे. दावा लावण्याच्या मुदती मुदत अधिनियम, 1963 च्या अनुसूचीत आहेत. हातउसन्या पैशांच्या वसुलीला साधारणपणे 3 वर्षं मिळतात.

मग मूळ कायदा

कायद्याचा नुसता मजकूर, म्हणजे बेअर ॲक्ट, हा तुमचा मुख्य आधार. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापील प्रत घेणार असाल तर ताजी आवृत्ती घ्या. जुन्या बाजारातलं स्वस्त पुस्तक इथे महागात पडतं.

कलम एकटं वाचू नका. सुरुवातीच्या व्याख्या, कलमाखालचं परंतुक (म्हणजे 'परंतु' म्हणून घातलेल्या अटी) आणि स्पष्टीकरण, मागचं-पुढचं कलम एवढं तरी वाचाच. चेक परत आल्याचं उदाहरण घ्या. परक्राम्य संलेख अधिनियमाचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) 'कलम 138' सगळ्यांना पाठ असतं, पण खरी मेख त्याच्या परंतुकात आहे: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस आणि ती मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस. ते 15 दिवस संपले की तक्रारीला एक महिना मिळतो. ही मुदत, उशीर माफ करण्याची तरतूद आणि तक्रार कुठल्या न्यायालयात करायची, हे सगळं त्याच कायद्याच्या कलम 142 मध्ये आहे. चेक न वटल्याची शिक्षा सांगणारं वाक्य वाचून जो थांबला, त्याची तक्रार पहिल्याच पायरीवर अडखळते.

तुमच्या प्रकरणाला जुना कायदा लागू आहे की नवा, हेही पाहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते. पोटगीचं जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं आहे. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून देताना लागणाऱ्या प्रमाणपत्राचं जुनं 65-ब आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 63 आहे.

निकाल शोधणं आणि तो आजही लागू आहे का ते पाहणं

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन निकालसंग्रहात मोफत आहेत आणि त्यातल्या काहींचे मराठी अनुवादही आहेत. उच्च न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या निकाल-शोध पोर्टलवर मिळतात. 'इंडियन कानून' या खासगी संकेतस्थळावर शोध सोपा जातो. शोधताना पूर्ण वाक्य टाकू नका. कलम क्रमांक, कायद्याचं नाव आणि वादाचा मुद्दा सांगणारे दोन-तीन शब्द पुरतात.

निकालाचा पत्ता वाचायला शिका. '(2010) 11 एससीसी 441' म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' (एससीसी) या छापील निकालमालिकेचा 2010 चा 11 वा खंड, पान 441. हा निकाल मुद्दाम निवडला आहे. चेकच्या प्रकरणात कर्ज खरोखर होतं हे कुणी सिद्ध करायचं, यावर 2008 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने आरोपीला सोयीचं मत दिलं होतं. 2010 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालात ते मान्य केलं नाही. कायदेशीर देणं होतं हे गृहीत धरलं जाईल, ते खोडून काढायचं काम आरोपीचं, असं ठरलं. 2008 चा निकाल मात्र आजही शोधात वर येतो आणि वाचताना पटतोही.

म्हणून प्रत्येक निकालाबाबत तीन गोष्टी तपासा: कुठलं न्यायालय, किती न्यायमूर्ती, आणि नंतरच्या निकालांनी त्याबद्दल काय म्हटलं. 'इंडियन कानून' वर तो निकाल नंतर कुठे उद्धृत झाला ते दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 नुसार सगळीकडे बंधनकारक असतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांवर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक आहे. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल फक्त विचारात घेतला जातो.

चॅटबॉटने सांगितलेला निकाल मूळ ठिकाणी उघडून वाचल्याशिवाय कागदावर लिहू नका. अस्तित्वातच नसलेले निकाल ही यंत्रं पूर्ण आत्मविश्वासाने देतात.

बसायचं कुठे

न्यायालयातलं वकील संघाचं ग्रंथालय सहसा सभासदांसाठी असतं. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला लेखी अर्ज देऊन काही दिवस बसून वाचायची परवानगी मागा. तिथे टीकाग्रंथ असतात, म्हणजे कलमागणिक निकाल देऊन समजावणारी जाडजूड पुस्तकं, आणि ती फुकट ऑनलाइन सहसा मिळत नाहीत. ग्रंथपाल कायदेशीर सल्ला देणार नाही आणि तो मागूही नये. 'माझी केस जिंकेन का?' याऐवजी 'भाडे नियंत्रण कायद्यावरचा टीकाग्रंथ कुठे आहे?' असं विचारा. ऑनलाइन दाखल करणं, केसची स्थिती, नकलेचा अर्ज यासाठी न्यायालयातलं ई-सेवा केंद्र मदत करतं.

न्यायाधीशांपुढे

दहा निकालांचा गठ्ठा नेऊ नका, दोन न्या. प्रत्येकाची पूर्ण प्रत काढा, नेमक्या परिच्छेदावर खूण करा आणि एक संच न्यायाधीशांना, एक समोरच्या पक्षाला, एक स्वतःकडे ठेवा. वरच्या पानावर चार-पाच ओळींत मुद्दा लिहा: कलम, तारखा, निकाल, परिच्छेद क्रमांक. जिल्हा आणि तालुका न्यायालयात हे मराठीत चालतं. मुंबई उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीत होतं आणि स्वतः बाजू मांडणाऱ्याला आधी तिथल्या छाननी समितीपुढे जावं लागतं. त्यासाठी वेगळे नियम आहेत, ते केस दाखल करण्याआधी निबंधक कार्यालयातून मागून घ्या.