हिवाळी पाणपक्षी आणि जलाशयाची पातळी: या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळचा नांदूर मध्यमेश्वर बंधारा १९०७ ते १९११ या काळात कालव्यांसाठी बांधला. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पक्षी आले. आज ही महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, पण कालव्यांची आवर्तनं, म्हणजे ठरावीक पाळीने पाणी सोडणं, थांबलेली नाहीत. पक्षी, गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर पेरणी) करणारा शेतकरी आणि मच्छीमार, तिघांचंही नुकसान बहुतेक वेळा पातळी झपाट्याने बदलल्यामुळे होतं.

साठ्याच्या टक्केवारीवर भरवसा

'८० टक्के भरलं' यावरून पक्ष्यांना किती जागा उरली ते कळत नाही. तुतवार आणि चिखल्यांना ओला चिखल किंवा फार तर ५ सेंमी पाणी लागतं. शेकाट्या १०-१५ सेंमीत चालतो. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदकं डोकं खाली घालून चरतात, त्यांना १० ते २५ सेंमी सोयीचं. बुडी मारणाऱ्या बदकांना त्याहून खोल हवं.

आता काठाचा उतार पाहा. २०० मीटरला १ मीटर असा उतार असेल, तर पातळी १० सेंमी चढली की २० मीटर रुंदीचा चिखलपट्टा पाण्याखाली जातो. ५०० ला १ असेल तर ५० मीटर. टक्केवारीत हा बदल जेमतेम दिसतो आणि तुतवारांचं चरण्याचं रान मात्र एका रात्रीत संपतं. म्हणून ऑक्टोबरअखेर काठाच्या दोन-तीन ठिकाणी काठापासून पाण्यात आतपर्यंत ओळीने बांबू रोवा, त्यांवर दर ५ सेंमीला रंगाची खूण करा आणि दर आठवड्याला कुठे किती खोली आहे ते लिहा.

विसर्गाचा हिशेब न मांडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १,००० क्युसेक (सेकंदाला १,००० घनफूट) २४ तास चालू राहिलं तर सुमारे २४.५ लाख घनमीटर पाणी होतं. रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे. येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारं १,००० क्युसेकने कमी राहिलं आणि पाणी या सगळ्या क्षेत्रावर पसरलं असं धरलं, तरी पातळी दिवसात १७ सेंमी चढते. पाणपसारा त्याहून कमी असेल तर चढ आणखी जास्त. पक्ष्यांना झेपणारा बदल दिवसाला २-३ सेंमी, म्हणजे आवक आणि जावक यांत साधारण दीडशे क्युसेकचाच फरक.

हे हिवाळ्यात घडतं, कारण रब्बीची आवर्तनं तेव्हाच असतात. शिवाय १५ ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणाचा साठा ठरलेल्या मर्यादेखाली असेल, तर समन्यायी वाटपानुसार (वरच्या-खालच्या धरणांत पाणी सारखं वाटण्याचा नियम) वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. २०१८ आणि २०२३ मध्ये ते नोव्हेंबरात सुटलं, पक्षी नुकते स्थिरावत असताना. पाणी अडवायचा प्रश्नच नाही, खालच्या लोकांचा त्यावर हक्क आहे. वरून आवक वाढायला लागताच दरवाजे त्याच प्रमाणात टप्प्याटप्प्याने उचलायचे, एवढंच. त्यासाठी वरच्या धरणातून पाणी निघाल्याची आणि इथे पोहोचल्याची वेळ प्रत्येक आवर्तनाला नोंदवा. दोन-तीन आवर्तनांत प्रवासाचे तास पाठ होतात.

गाळपेर आणि मोटारी विसरणं

पाणी ओसरलं की उघड्या गाळावर हरभरा, गहू, भाजीपाला होतो. पातळी परत वर आली की उगवलेलं पीक सडतं. उलट पाणी एकदम उतरलं की फूटव्हॉल्व (मोटारीच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) उघडा पडतो, मोटार हवा ओढते आणि कोरडी चालली तर सील जळतं. विसर्ग बदलायच्या किमान दोन दिवस आधी गावात दवंडी, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर निरोप आणि मच्छीमारांना जाळी काढायला वेळ द्या. दरवाजे सकाळी हलवा, रात्री नको.

पावसाळ्यात 'पक्ष्यांसाठी' पाणी धरून ठेवणं

जुलै-ऑगस्टमध्ये हिवाळी पाहुणे इथे नसतात. तेव्हा पातळी चढी ठेवली तर गाळ मागेच बसतो आणि सायखेडा-चांदोरीसारख्या गावांवर पुराचा धोका वाढतो. पुराचं पाणी गाळासकट जाऊ द्या, पातळी पाऊस ओसरताना बांधा.

पाणी फार झटकन उतरवणं

क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहतात, कारण तिथे कोल्हा-कुत्रा आवाज केल्याशिवाय येऊ शकत नाही. बेट काठाला जोडलं गेलं की हे संरक्षण संपतं. थाऱ्याच्या जागी १० ते २५ सेंमी पाणी मार्चपर्यंत राहील असं बघा.

उतरत्या पाण्यात सुटलेली डबकी आणखी धोक्याची. मेलेले मासे कुजतात, ऑक्सिजन संपतो, बोट्युलिझमचे (विषाने पक्षी लुळे पडण्याच्या आजाराचे) जिवाणू वाढतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरात याच आजाराने हजारो पक्षी मेले. मान टाकलेले किंवा पंख लोंबणारे पक्षी दिसले तर त्याच दिवशी वन विभाग आणि पशुवैद्यकाला कळवा. मेलेले पक्षी हातमोजे घालून रोज उचला. त्यांच्यावरच्या अळ्या खाऊनच पुढचे पक्षी मरतात.

जलपर्णी उतरत्या पातळीत काठाला अडकते. ती मे महिन्यात काढून पूररेषेच्या वर टाका. काठावरच ढीग घातला तर पहिल्या पुरात परत तरंगते.

एकाच मोजपट्टीवर विसंबणं

दरवाजे उघडे असताना त्यांच्याजवळची पातळी खाली खेचली जाते, तर जोराच्या वाऱ्याने एका काठाला पाणी फुगतं. दुसरी मोजपट्टी वरच्या टोकाला, फुगवट्यात (बंधाऱ्याने मागे अडलेल्या पाण्यात) लावा आणि दोन्ही सकाळी ८ ला वाचा. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेच्या तक्त्यातही त्या दिवसाची पातळी लिहा. नाहीतर 'यंदा बदकं घटली' म्हणताना ती खरंच घटली, की जास्त पाण्यामुळे शेजारच्या तळ्यावर गेली, हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येणार नाही.