घरातला राग आणि ख्रिस्ती स्वभाव: सुरुवात कुठून करावी

बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातलं आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो ते प्रीती, सहनशीलता, सौम्यता असे गुण, वाचलं की नऊच्या नऊ गुण एकदम अंगी बाणवायचा निश्चय होतो आणि थोड्याच दिवसांत बारगळतो. एका वेळी एकच घ्या. कोणता, हे घरच्यांना बहुधा तुमच्याआधी ठाऊक असतं. इथे घरातला राग आणि त्या भरात तोंडून जाणारे शब्द घेतले आहेत. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळेच गोड बोलतात; स्वभाव कळतो तो उपासनेहून परतल्यावर, जेवण वाढायला उशीर झाला की.

आधी क्रम पक्का करा. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या तीन अध्यायांत देवाने ख्रिस्तामध्ये आपल्यासाठी काय केलं ते आहे. आपण कसं चालावं हे चौथ्यापासून. हा क्रम उलटला की चांगलं वागलो तरच देव जवळ करील असं वाटू लागतं, आणि एकदा घसरलो की प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते. म्हणून पहिला आठवडा फक्त त्या तीन अध्यायांना द्या. एकूण 66 वचनं आहेत, रोज नऊ-दहा पुरतात. घाईने पुढे पळू नका.

दुसऱ्या आठवड्यात त्याच पत्रातलं 4:25 ते 32 (चौथा अध्याय, वचनं 25 ते 32) घ्या. पत्र लिहिणारा पौल नुसतं ‘हे सोडा’ म्हणून थांबत नाही. लबाडी सोडा, खरं बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. चोरी सोडा, हातांनी कष्ट करा, म्हणजे गरजवंताला द्यायला काही असेल. काय सोडायचं, त्या जागी काय धरायचं आणि का, हे तिन्ही वहीत आपल्या रागाबद्दल लिहा. ‘रागावणार नाही’ एवढंच लिहिलं तर काही होत नाही. रिकामी जागा जुनी सवय लगेच भरून काढते. नेमकं लिहा: ‘मुलाने अभ्यास टाळला की मी त्याला दुसऱ्याच्या मुलाचं उदाहरण देऊन हिणवतो. ते सोडायचं. त्याच्याजवळ बसून काय अडलंय ते विचारायचं. कारण माझ्या बोलण्याने त्याची उन्नती व्हावी.’

याकोब 1:19 (‘ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश’) पाठ करा आणि कागदावर लिहून जिथे भडका उडतो तिथे लावा: ओट्याच्या वर, अभ्यासाच्या टेबलापाशी. पवित्र शास्त्रात खूण घालून ठेवलेलं वचन त्या क्षणी हाताशी नसतं. राग चढतोय असं वाटलं की आधी आवाज खाली आणा, मनात ‘प्रभू, मला आवर’ एवढीच प्रार्थना करा आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या. जमलं नाही तर ‘मी दहा मिनिटांनी बोलतो’ असं सांगून बाजूला व्हा, आणि दहा मिनिटांनी खरंच परत या. न परतता अबोला धरणं हा रागच आहे, फक्त आवाज नसलेला.

तरीही चुकाल. बहुतेकांचं इथेच अडतं: देवाजवळ पाप कबूल करतात, पण ज्याला बोललो त्याच्याकडे जात नाहीत. मत्तय 5:23-24 मध्ये येशू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. इफिस 4:26 प्रमाणे सूर्य मावळायच्या आत जा. क्षमा मागताना कृत्याचं नाव घ्या: ‘सगळ्यांसमोर मी तुला मूर्ख म्हणालो. ते चूक होतं. मला क्षमा कर.’ पुढे ‘पण तूही…’ जोडलं की सगळं वाया जातं. अपमान चारचौघांत केला असेल तर क्षमाही त्यांच्यासमोर मागा. समोरच्याला वेळ लागला तर लागू द्या. लगेच हसून बोलावं असा आग्रह धरू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सहनशीलतेचा अर्थ मार खात राहणं असा नाही. घरात हात उचलला जात असेल तर ‘सहन कर, प्रार्थना कर’ एवढाच सल्ला देणं हे वचनाचा गैरवापर करणं आहे. त्या व्यक्तीला आधी सुरक्षित जागा मिळाली पाहिजे, आणि पोलिसांकडे जायला तिला मंडळीतल्या कुणीही अडवू नये.

रात्री पाच-दहा मिनिटं स्तोत्र 139:23-24 ची ‘देवा, माझं मन पारखून पाहा’ ही प्रार्थना करून वहीत पाहा: आज कुठे भडकलो, त्याआधी काय झालं होतं, कुणाकडे जायचं राहिलंय. ‘त्याआधी काय झालं’ हे चुकवू नका. भूक, अपुरी झोप, ऑफिसातला अपमान अशी तीच ती कारणं पुन्हा पुन्हा सापडतील, आणि काहींवर जेवणाची वेळ बदलणं हाच उपाय असेल.

याकोब 5:16 एकमेकांजवळ पाप कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतं; त्यासाठी एक माणूस निवडा: पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री, विश्वासात मुरलेला आणि ऐकलेलं पोटात ठेवणारा. आठवड्यातून अर्धा तास पुरे. नुसतं ‘चालायचंच’ म्हणणारा सोबती नको.

साधारण दीड महिन्याने घरच्यांना विचारा, फरक वाटतो का. उत्तर काहीही आलं तरी सफाई देऊ नका, वहीत लिहून घ्या. ‘नाही’ आलं तर पुढचा गुण न घेता यावरच आणखी दीड महिना थांबा.