म्युझियममध्ये दर्शनी नोकरी: रुजू होण्याआधी पत्रावरचं पदनाम वाचा

इतिहासात बीए झालेली मुलं विचारतात, ताई, ऐतिहासिक वास्तूत नाहीतर म्युझियममध्ये व्हिजिटर असिस्टंट म्हणून लागू का? लागा. पण ज्या गोष्टीने माझी वर्षं खाल्ली ती आधी ऐका.

मुलाखत म्युझियमचे अधिकारी घेतात, ट्रेनिंगही तेच देतात, गळ्यातल्या ओळखपत्रावर वास्तूचं नाव असतं. नेमणुकीचं पत्र मात्र कित्येकदा कंत्राटावर माणसं पुरवणाऱ्या मॅनपॉवर एजन्सीचं असतं. माझ्या पत्रावर पदनाम होतं ‘मदतनीस’. काम काय, तर तिकीट खिडकी, गॅलरी, शाळांच्या सहली, परदेशी पाहुणे, सगळंच. टेंडर संपलं, नवी एजन्सी आली. जागा तीच, काम तेच, हातात नव्या तारखेचं नवं पत्र. पुढे गॅलरी असिस्टंटच्या एका जागेसाठी कागद तपासणीला गेले, तेव्हा समोरच्या मॅडमनी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली, पदनामावर बोट टेकवलं आणि विचारलं, “यात संग्रहालयाचा अनुभव कुठे आहे?” कागदावर नव्हताच. अजून आठवलं की पोटात तुटतं.

म्हणून रुजू व्हायच्या दिवशीच पदनाम बघा. एजन्सी बदलून देत नसेल तर म्युझियमच्या अधिकाऱ्यांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या: अमुक तारखेपासून दर्शक सेवेत आणि गॅलरीत काम करते, सही, शिक्का. हे नोकरीत असतानाच घ्या. नोकरी सुटल्यावर घेऊ म्हणाल, तर तोवर साहेबांची बदली झालेली असते आणि नवे साहेब तुम्हाला ओळखत नाहीत. ड्युटी चार्टवर तुमचं नाव असतं, त्याचा दर महिन्याला फोटो काढा. एजन्सी बदलली की पीएफचा जुना बारा आकडी यूएएनच (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) द्या, नवा काढू देऊ नका. जुन्या एजन्सीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली का, तेही बघा. “आपलीच माणसं आहेत, कागद कशाला” असं कोणी म्हणालं तर त्या माणसाकडून आधी सही घ्या.

एवढं वाचून मागे फिरू नका. ही नोकरी मला आजही आवडते. पाय दुखतात, पहिले काही आठवडे फार दुखतात, मग सवय होते. बुटांवर पैसे खर्च करा.

शिकायचं कोणाकडून? माझं मत ठाम आहे: जुन्या अटेंडंटकडून. कुठल्या मूर्तीशी लोक थांबतात, काय विचारतात, पावसाळ्यात कुठली भिंत ओल धरते, हे त्यांना पाठ असतं. म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा डिप्लोमा जरूर करा, पण त्याआधी त्यांच्याबरोबर एक पावसाळा काढा. व्हिडिओ बघून पाठ केलेली माहिती दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते.

सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या वास्तू बघा. भायखळ्याला राणीच्या बागेच्या दारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या, बुधवार सोडून. बाहेर दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं तो. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती उभा केला. फोर्टमधला काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, १९६५ मध्ये हलवला, तोही आता इथेच आहे. दोन्हींसमोर अर्धा तास नुसतं उभं राहा आणि लोक काय बोलतात ते ऐका. हत्तीसमोर मुलांना सनावळी नको असते, “तुटला कसा?” एवढंच हवं असतं. साखळीपासून सुरुवात करा, सन आपोआप येतो.

उत्तर येत नसेल तर “विचारून सांगते” म्हणा आणि खरंच विचारा. रचलेली गोष्ट शिक्षक वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या वर्षी तीच मुलांना सांगतात. “हात लावू नका” असं ओरडण्याऐवजी घामातल्या क्षारांनी काशाची मूर्ती कशी खराब होते ते सांगा. लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात, मोठ्यांना दोनदा सांगावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत सहलींचा लोंढा येतो. बस उभी राहिली की आधी बाईंना गाठा आणि विचारा: मुलांनी डबा खाल्लाय का, बाथरूमला जाऊन आलीत का. नसेल तर आधी ते उरका, गॅलरी नंतर.