बेस गिटारचे मूळ पिकअप बदलावेत का?

आधी तारा बदला. जुन्या तारांचा बसका आवाज हमखास पिकअपच्या (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) माथी मारला जातो.

मग उंची तपासा. तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबून धरा आणि तिचा तळ ते पिकअपचा माथा हे अंतर मोजा. जाड ई तारेखाली साधारण ३ मिमी आणि जी तारेखाली २.५ मिमी ठेवून सुरुवात करा. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. पिकअप फार वर आला तर चुंबक तार ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो, नाद लवकर विझतो. नवा महागडा पिकअपही तितक्याच जवळ बसवला तर हेच होणार!

बेस अ‍ॅक्टिव्ह (म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी घाला. नॉब फिरवताना खरखर आली तर दोष पॉटचा, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या भागाचा.

जॅझ बेसवर (दोन पिकअपच्या एका प्रसिद्ध बेस-प्रकारावर) एकच पिकअप चालू असताना येणारी गुणगुण सिंगल कॉइल, म्हणजे एकाच तारगुंडाळीच्या पिकअपचा स्वभाव आहे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर ती बहुधा मावळते. ती एकट्या पिकअपवरही नको असेल, तर मात्र गुणगुण दाबणारा पिकअप बसवण्याचा बदल खरोखर सार्थकी लागतो. घेण्याआधी लांबी मोजाच, कारण बऱ्याच जॅझ बेसवर ब्रिजकडचा (तारा जिथे बेसच्या अंगावर टेकतात त्या बाजूचा) पिकअप किंचित लांब असतो.