जुन्या दगडी वास्तूची डागडुजी: आधी पाण्याची वाट शोधा

जुन्या मंदिराच्या किंवा वाड्याच्या भिंतीचा दगड झडू लागला की गावात पहिली सूचना सिमेंटची येते आणि दुसरी ऑइल पेंटची. दोन्ही बाजूला ठेवून आधी एक पूर्ण पावसाळा वास्तूचे निरीक्षण करावे. छपरावरचे पाणी कोठे साचते, पन्हळी कोठे तुंबतात, जोत्याची ओल भिंतीत किती उंचीपर्यंत चढते आणि पाऊस सरल्यावर पांढरा लोणा कोणत्या थरावर उमटतो, याची छायाचित्रे दर महिन्याला त्याच जागेवरून घ्यावीत. तडा दिसल्यास त्यावर आडवी काचेची पट्टी बसवून तारीख लिहावी. पट्टी फुटली तर बांधकाम अजून हलते आहे, आणि तसे असेल तर वरवरचे भराव व्यर्थ आहेत.

लोणा म्हणजे पाण्यात विरघळून आलेले क्षार. पाणी उडून गेले की ते दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन वाढतात आणि आतून दाब देऊन पापुद्रे सुटे करतात. क्षार नुसते धुऊन काढले तर ते पुन्हा आत जिरतात, म्हणून कोरड्या ब्रशने झाडून ते गोळा करून वास्तूबाहेर टाकावेत. आपला काळा बेसाल्ट कठीण असला तरी त्याच्या काही थरांतली मातकट खनिजे भिजली की फुगतात आणि वाळली की आकसतात. कोकण-गोव्यातला जांभा तर मुळातच सच्छिद्र आहे. जुन्या गोव्यातील 1605 मध्ये अभिषेक झालेल्या बॉम जेझूस बॅसिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकण्यात आला. आज तिचे उघडे लाल रूप लोकांना मूळचेच वाटते, पण पावसाचा मारा झेलण्यासाठी दिलेले कवच गेल्यामुळे जांभा थेट भिजतो आणि झिजतो.

दर्जा भरण्यापूर्वी, म्हणजे दगडांमधले सांधे बाहेरून भरण्यापूर्वी, मूळ बांधणी कोणती ते पाहावे, कारण येथेच सर्वाधिक चुका होतात. ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो त्या मंदिरांत पुष्कळदा चुना नसतोच. दगड खाचा-कुसवांनी एकमेकांत बसवलेले असतात. अशा शुष्कसांधी बांधणीत दर्जा भरणे ही दुरुस्ती नसून बिघाड आहे. जेथे चुना आहे तेथे चुनाच भरावा. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि कमी श्वास घेणारे असल्याने भिंतीतील ओल सांध्यातून बाहेर न पडता दगडातून पडते, आणि झडायचा तो दगडच झडतो. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षारही सोबत आणते.

भुसभुशीत झालेला जुना चुना ग्राइंडरने नव्हे, तर हातछिन्नीने, सांध्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत काढावा. कळीचा (भाजलेला, पाणी न लागलेला) चुना विरवताना डोळे झाकणारा चष्मा लावून चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. नंतर तो काही आठवडे पाण्याखालीच मुरू द्यावा. एक भाग चुन्याला तीन भाग स्वच्छ, खारट नसलेली वाळू हे सुरुवातीचे प्रमाण धरून, ओल राहणाऱ्या जागी वाळूतला काही भाग विटांच्या सुरखीने, म्हणजे भुकटीने, बदलावा आणि आधी कोपऱ्यातल्या एका हातभर जागेवर नमुना करून पाहावा. गडांवर अजून दिसणारे घाण्याचे दगडी चाक हा चुना मळण्यासाठीच होते. चुन्यात मिसळायच्या गूळ, बेल, हिरडा यांच्या पाककृती प्रदेशागणिक बदलतात, त्यामुळे ऐकीव मिश्रण थेट भिंतीवर वापरू नये. भरण्याआधी सांधा भिजवावा, नंतर ओली पोती लावून उन्हापासून जपावे, आणि हे काम पावसाळा सोडूनच करावे.

भिंतीत उगवलेले पिंपळ-उंबर उपटू नयेत, कारण मुळांसोबत दगडही निघतो. खोड कापून, बुंध्यावर जाणकाराच्या देखरेखीखाली औषध लावून मूळ मरू द्यावे, आणि ते वाळल्यावर उरलेली पोकळी चुन्याने भरावी. सँडब्लास्टिंगने, म्हणजे जोराने वाळूचा मारा करून, शेंदूर वा रंग काढण्याचा मोह टाळावा. त्या वाळूत कोरीव कामाच्या कडाही जातात.

वास्तू केंद्राच्या 1958 च्या किंवा राज्याच्या 1960 च्या कायद्याखाली संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवता येत नाही, म्हणून छिन्नी उचलण्याआधी हे तपासावे. केंद्रीय स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकाम प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत नियंत्रित असते.