तीनदा जमा केलं, शिल्लक तरी शून्यच? पायथॉनमध्ये ऑब्जेक्टची स्टेट बदलताना

ऑब्जेक्टची स्टेट म्हणजे त्याने स्वतःत साठवलेली माहिती. बँक खात्याचं उदाहरण घेऊ. ‘खाते’ नावाचा क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) करा आणि त्याच्या इनिट मेथडमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सेल्फ.शिल्लक = ० लिहा; सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः. जमा(रक्कम) ही मेथड शिल्लक वाढवेल, काढ(रक्कम) कमी करेल. पायथॉन ३ मध्ये अशी देवनागरी नावं चालतात. कीवर्ड (def, class असे राखीव शब्द), __init__ हे नाव आणि कोडमधले आकडे (0, 500) मात्र रोमनमध्येच लिहावे लागतात.

आता ‘खातं’ नावाचा एकच ऑब्जेक्ट बनवा आणि त्याच्यावर ओळीने कॉल करा: जमा(५००), जमा(२५०), काढ(३००). रन करण्याआधी कागदावर मांडा: ०, ५००, ७५०, ४५०. प्रत्येक कॉलनंतर शिल्लक प्रिंट करून ताडा. आकडा जिथे पहिल्यांदा चुकेल, तिथल्या कॉलपासून शोध सुरू करा.

सगळ्यात फसवी चूक ही: जमा मेथडमध्ये ‘शिल्लक = सेल्फ.शिल्लक + रक्कम’. एरर येत नाही, बेरीजही बरोबर होते. पण डावीकडे सेल्फ नाही, म्हणून उत्तर लोकल व्हेरिएबलमध्ये जातं आणि मेथड संपताच नाहीसं होतं. दोन्हीकडचं सेल्फ विसरलात तर त्यापेक्षा बरं, कारण पायथॉन लगेच अनबाउंड लोकल एरर देऊन थांबतो. कंस विसरून नुसतं ‘खातं.जमा’ लिहिलं तर मात्र पहिल्या चुकीसारखंच, मेथड चालतच नाही आणि तक्रारही येत नाही.

लूपमध्ये कॉल करायचे असतील तर ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर बनवा. आत बनवलात तर दर फेरीला नवं खातं उघडतं आणि हाती फक्त शेवटची रक्कम उरते.

‘खातं = खातं.जमा(५००)’ असं लिहू नका. रिटर्न नसलेली मेथड नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) देते, त्यामुळे पुढच्याच कॉलला ॲट्रिब्यूट एरर येतो. साखळीने कॉल करायचे असतील तर मेथडच्या शेवटी सेल्फ रिटर्न करा.

व्यवहारांची यादी ठेवायची तर रिकामी लिस्ट इनिटमध्येच, सेल्फवर बनवा. क्लासच्या अंगात, मेथडच्या बाहेर लिहिलेली लिस्ट सगळ्या खात्यांची सामायिक होते, आणि एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या पासबुकात दिसतात.

रक्कम फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) ठेवू नका. ०.१ तीनदा जमा केलं तर ०.३०००००००००००००००४ मिळतं. रक्कम पैशांत, म्हणजे पूर्णांकात मोजा; तिचे रुपये फक्त दाखवताना करा.

काढ मेथडमध्ये आधी रक्कम तपासा; शिल्लक कमी पडत असेल तर तिला हात लावण्यापूर्वीच व्हॅल्यू एरर द्या. वजाबाकी करून मग तपासलंत, तर एरर येऊनही खातं उणे राहतं.