गणपतीला बाईकने गावी निघण्याआधी हातांची तयारी

मुंबईहून कुडाळपर्यंत ४५० किलोमीटरहून जास्त रस्ता. एवढ्या प्रवासात कंबर दुखणार हे सगळे धरून चालतात, हातांचा विचार कुणी करत नाही. पहिल्या वर्षी मीही केला नव्हता. माणगावच्या बाजारपेठेत तासभर रांगेत क्लच दाबत राहिलो आणि पुढे महाडला डाव्या हाताने चहाचा ग्लास धरवेना. तेव्हापासून निघायच्या पंधरा दिवस आधी तयारीला लागतो.

सुरुवात क्लच वायरपासून. क्लच जड झाला असेल तर ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नका, ती सवय मनगटाला महागात पडते. वायर लिव्हरकडून सोडवून घ्या, वरून पातळ तेल सोडा आणि ते खालच्या टोकाला दिसेपर्यंत थांबा. लिव्हरमध्ये तारेची गुंडी बसते तिथे नीट बघा. एक जरी धागा तुटलेला दिसला तर वायर बदलाच, कारण ती तुटायची तर ऐन घाटातच तुटते. लिव्हरच्या बोल्टला थोडं ग्रीस लावा. बऱ्याच गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिमी प्ले, म्हणजे क्लच ओढला जाण्याआधीची मोकळी हालचाल, लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. प्ले फार वाढला की क्लच पुरता सुटत नाही, गिअर अडकतो आणि हात उगाच जोर लावत बसतो.

यानंतरचं काम गॅरेजवाले आपणहून कधीच करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त आराम त्यानेच मिळतो. गाडी मेन स्टँडवर लावा, रोजच्यासारखे बसा, मूठ धरून बोटं लिव्हरवर सरळ ठेवा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. कोपरापासून बोटांपर्यंत एकच सरळ रेघ दिसायला हवी. मनगट मागे मोडत असेल तर लिव्हर फार वर आहे. योकचे, म्हणजे लिव्हर हँडलला धरणाऱ्या पकडीचे, बोल्ट सैल करून ती थोडी खाली फिरवा आणि बोल्ट पुन्हा घट्ट आवळा. उजवीकडे ब्रेकच्या लिव्हरलाही हेच. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठली वायर ताणली जात नाही ना ते बघा.

हातात मुंग्या येतात त्या बहुतेक वायब्रेशनमुळे. इंजिन चासीला धरणारे फाउंडेशन बोल्ट, चेन आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासून घ्या. हँडलच्या टोकाचे मूळचे जड बारएंड काढून हलके रंगीत लावले असतील तर जुने शोधून परत बसवा. ते वजन थरथर कमी करण्यासाठीच दिलेलं असतं. लांब जायचं म्हणून टायरमध्ये जास्त हवा भरू नका, नाहीतर प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो.

ग्लोव्हज् घेताना तळव्यावर जाड शिवण नको. फार जाड ग्लोव्हज्‌ने मूठ नकळत जास्त आवळली जाते. पावसाचे दिवस असतात, म्हणून घरीच बादलीत भिजवून बोटं नीट वळतात का बघा आणि एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सॅक पाठीवर नको, मागच्या सीटवर बांधा. खांद्यावरचं ओझं शेवटी तळव्यांवरच उतरतं.

पंधरा दिवस रोज थोडा प्लँक करा, कारण पोट-पाठ घट्ट असली की अंगाचा भार हँडलवर जात नाही. गाडीवर टाकी गुडघ्यांनी धरा, कोपरं सैल सोडा. पेटी वाजवल्यासारखी बोटं हलवता आली पाहिजेत, इतकीच पकड. एक्सिलेटरची मूठ दाराच्या गोल मुठीसारखी जरा बाहेरून तिरकी धरली तर मनगट खाली पडत नाही. रांगेत गाडी थांबली की न्यूट्रल. दर तासाला उतरा, हात पुढे ताणून दुसऱ्या हाताने बोटं २० सेकंद मागे ओढा.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट मोडलेलं राहतंय. गावी पोहोचून चार दिवसांनीही बधिरपणा गेला नाही, रात्री मुंग्यांनी जाग आली किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

हे सगळं झालं की निघायच्या आदल्या रविवारी खोपोलीपर्यंत एक फेरी मारा. योकला लागणारा पाना खिशात ठेवा आणि पहिल्या चहाला थांबाल तेव्हा लिव्हर लागेल तशी पुन्हा फिरवून घ्या.